कबुतरांची पंच

सीमाभागातल्या वडगावात बायाक्काच्या माडीवर धाड पडली तेव्हा तिथं कबुतर किती वेळ उडतं यावर पैसे लावणारे नऊ जुगारी होते आणि सव्वीस कबुतरं. नवांपैकी आठ जण शेजारच्या पत्र्यावरून उड्या टाकून पसार झाले. ज्यांना खरोखर पंख होते ती सव्वीसच्या सव्वीस मात्र उडून, उतरून, दाणे खाऊन ढाबळीत बंद झाली होती, म्हणून आयती सापडली. नववा माणूस म्हणजे बायाक्काचा दीर परशराम. त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून तोही सापडला.

बायाक्का खाली मागावर होती. पॉवरलूमच्या खडखडाटात माडीवरचं काही ऐकू येत नसे, आणि ते तिच्या सोयीचंच होतं. दर रविवारी परशरामचे दोस्त हातात घड्याळ घेऊन वर जायचे आणि दोन-दोन तास आभाळाकडं बघत बसायचे. त्यांना आभाळाची आवड आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. कबुतरं मूळची तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर भाऊबंद म्हणाले, विकून टाक. तिनं दोन जोड्या खानापूरला विकल्याही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चारही ढाबळीवर येऊन बसलेली. विकत घेणाऱ्याचे पैसे परत करून आल्यावर तिनं तो विषय सोडला. चौपन्नाव्या वर्षी तिला एवढं कळलं होतं की घरात कुणीतरी वेळेवर परत येणारं असावं.

परशरामला संध्याकाळी जामिनावर सोडलं. कबुतरांना जामीन नव्हता. ती मुद्देमाल होती. ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत दोन मोटरसायकली, एक गॅसची शेगडी आणि दारूचे खोके होते. यांतलं कुणी दाणे मागत नाही आणि कागदांवर शिटतही नाही. कबुतरांनी चार दिवसांत दोन्ही गोष्टी केल्या. पाचव्या दिवशी ठाण्यातल्या शामू हवालदारानं साहेबांपुढं रडगाणं गायलं, साहेबांनी कोर्टात अर्ज टाकला, आणि कोर्टाचा हुकूम आला. कबुतरं ही नाशवंत मालमत्ता असल्यानं, म्हणजे टोमॅटो आणि मेथीच्या जातीची असल्यानं, त्यांचा लिलाव करावा. मात्र न्यायाधीशांचं काळीज मऊ होतं. घेणाऱ्यानं पक्ष्यांशी क्रूरपणे वागणार नाही असं हमीपत्र द्यावं, आणि अट क्रमांक तीन, महिन्यातून एकदा पंचांनी पक्षी जिथं असतील तिथं जाऊन पाहणी करावी, असं त्यांनी लिहिलं. कायद्यानं कबुतरांसाठी एवढा जीव टाकल्याचं ठाण्यात आजवर कुणी बघितलं नव्हतं. कागद फिरून फिरून वाचला गेला आणि फायलीत गेला.

लिलावाला बायाक्का गेली. लग्नात नेसायची इरकली नेसून, कनवटीला पैसे लावून गेली. तिनं तोंड उघडल्याबरोबर साहेबांनी हात वर केला. आरोपीच्या घरच्यांना बोली लावता येणार नाही. ती म्हणाली, कबुतरं आरोपीची नव्हं, माझी. साहेब म्हणाले, मग तर जुगाराचं साहित्य तुम्ही पुरवलं असं होतंय, लिहून घेऊ का? बायाक्का मागं सरली.

उरले दोघं. एक कॅम्पातला खाणावळवाला. त्यानं कबुतरांकडं एकदाच पाहिलं, पण ते असं पाहिलं की बायाक्कानं पदर तोंडाला लावला. दुसरा युवराज, मच्छ्यात गोडाऊन असलेला मंडपवाला. मंडपवाला तो पूर्वी होता, आता त्याच्या टेम्पोवर इव्हेंट मॅनेजमेंट लिहिलेलं असे. बोली युवराजच्या नावावर पडली तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. लग्नात, उद्घाटनात पक्षी आकाशात सोडायचे, किती छान. त्यानं हमीपत्रावर सही केली, साहेबांबरोबर फोटो काढला आणि जाता जाता बायाक्काच्या पाया पडला. म्हणाला, "मावशी, पावण्यासारखी ठेवतो."

आता पंच हवे होते. पंच व्हायला कुणी तयार नसतं. त्यात दर महिन्याला मच्छ्याला जाऊन कबुतरं बघायची म्हटल्यावर चहाच्या गाड्यावरची गर्दीसुद्धा पांगली. शामूनं इकडं तिकडं बघितलं, आणि बायाक्का अजून तिथंच उभी दिसली. बोली लावायला जी आरोपीची भावजय होती, तीच पाच मिनिटांत "स्थानिक प्रतिष्ठित नागरिक" झाली. दुसरा पंच म्हणून शामूनं ठाण्यासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं नाव घातलं. तो आपल्या पंचगिरीबद्दल आजही अनभिज्ञ आहे.

तिला मिळालेला हुकमाचा कागद कन्नडमध्ये होता. बायाक्काला कन्नड फडाफडा बोलता येई, वाचता येत नसे. शेजारच्या सौम्यानं, ती शाळेत शिकवायची, तिला तो वाचून दाखवला. अट क्रमांक तीन बायाक्कानं तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. मग त्याच झेरॉक्सवाल्याकडून कागदाला प्लास्टिक चढवून आणलं. एखाद्याला सरकारी कागद खरा वाटला की त्याचं काय होतं, हे ठाण्यातल्या लोकांनी कधी अनुभवलं नव्हतं.

पहिल्या पाहणीची वेळ यायच्या आधी कबुतरंच तिच्याकडं आली. युवराजनं हिंडलग्याला एका लग्नात नवरा-नवरीच्या हातून ती सोडली. टाळ्या पडल्या, व्हिडिओ झाला, आणि अर्ध्या तासात सव्वीस जणं वडगावच्या ढाबळीवर हजर. बायाक्का माग बंद करून वर धावली. एकेकाला हातात घेऊन तिनं पोटाखाली चाचपलं. दुपारी युवराज क्रेट घेऊन आला. त्याच्या एका हातात लिलावाची पावती होती, म्हणजे माल त्याचा होता. बायाक्कानं स्वतःच्या हातांनी कबुतरं क्रेटात भरली. कायदा मानायचा तर पूर्ण मानायचा, असं तिला वाटत होतं. युवराज हसत होता, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत जात नव्हतं. दर कार्यक्रमाला माल असा घरी पळायला लागला तर धंदा कसा व्हायचा, याचं उत्तर त्याला त्या माडीवरच सुचलं असावं.

महिना भरला. बायाक्का बस पकडून मच्छ्याला गेली. गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या थप्प्या, झिरमिळ्या, थर्मोकोलचे दोन सिंह आणि कोपऱ्यात क्रेट. कबुतरं तिला आधी ओळखूच येईनात. एका क्रेटातली बारा लाल-पिवळी होती. दुसऱ्यातली बारा भगवी. लाल-पिवळी कन्नड राज्योत्सवाच्या नि तसल्या कार्यक्रमांची, भगवी शिवजयंतीची. इतक्या वर्षांत दिल्लीला जमलं नाही ते युवराजनं केलं होतं. सीमाप्रश्न एका गोडाऊनमध्ये आणून दोन क्रेटांत सोडवला होता, आणि दोन्ही बाजूंकडून ॲडव्हान्स घेतला होता.

तिनं एक भगवी मादी उचलली. पंख उलगडून बघितला तर मोठी पिसं मुळाजवळ कातरलेली, कात्रीनं, सरळ रेषेत, जसा कापडाचा तुकडा कापतात. ज्यांची कातरली नव्हती त्यांच्या पंखांना चिकटपट्टी होती. दोन कमी भरली. युवराज म्हणाला, ती आपल्या मरणानं मेली. बायाक्कानं विचारलं, एकाच महिन्यात दोघांचं आपलं मरण कसं आलं? त्यावर त्यानं तिला चहा मागवला. तिनं घेतला नाही. आयुष्यात कुणी दिलेला चहा परत करायची तिची ती पहिलीच वेळ.

ती थेट ठाण्यात गेली. शामूनं शांतपणे ऐकून घेतलं. रंग लावणं म्हणजे क्रूरपणा कसा, माणसंसुद्धा रंगपंचमीला रंगवून घेतात, असं त्याचं मत पडलं. पिसं कातरण्याबद्दल म्हणाला, आपण केस कापतो की. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आक्का, ते पंच-बिंच कागदावर असतंय. तुम्ही खरंच कशाला गेलतासा?"

तिनं अर्ज द्यायचं ठरवलं. सौम्याकडून मराठीत लिहून घेतला, तर कन्नडमध्ये हवा म्हणून परत आला. कन्नडमध्ये नेला तर जनावरांच्या दवाखान्याचा दाखला जोडा म्हणाले. दवाखान्यात म्हणाले, वडगावची कबुतरं असतील तर आम्ही बघू, मच्छ्याची असतील तर मच्छ्याचा डॉक्टर बघेल. मच्छ्याचा डॉक्टर जांबोटीला लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला गेला होता, आणि जांबोटीहून परत यायला बस मिळणं हे दैवाधीन असतं. पंधरा दिवसांनी तो भेटला. भला माणूस. कळवळून म्हणाला, जखम दाखवा. पिसाला रक्त नाही, रक्त नाही तर जखम नाही, जखम नाही तर दाखल्यात लिहू काय? बायाक्का म्हणाली, साहेब, न उडणाऱ्या कबुतराचं नाव काय लिहाल? त्यानं "अशक्तपणा" असं लिहून टॉनिकची बाटली दिली.

परशराम या काळात घरातच होता. वहिनीच्या खेपा बघून त्यालाही वाईट वाटत असावं, कारण एका संध्याकाळी कांड्या भरता भरता तो म्हणाला, सोड की आता वयनी, पाखरंच ती. बायाक्कानं मागावरची नजर काढली नाही. एवढंच म्हणाली, "तुझा गुडघा दुखला म्हणून तू सापडलास, तरी तुला जामीन मिळाला. त्यांची तर काय चूक बी न्हवती." परशराम पुढं दोन दिवस जेवताना मान वर करत नव्हता.

दुसऱ्या पाहणीला ती मच्छ्याला पोचली तर गोडाऊनला कुलूप. राखणदार म्हणाला, माल निपाणीला गेलाय, मोठा कार्यक्रम हाय. दुसरी कुणी असती तर परत फिरली असती. पण कागदात "जिथं असतील तिथं" असं लिहिलं होतं. बायाक्कानं प्लास्टिकमधला कागद पिशवीत आहे ना हे चाचपलं आणि निपाणीची बस धरली.

निपाणीत एका नव्या व्यापारी संकुलाचं उद्घाटन होतं. त्याला "शांती व बंधुता सोहळा" म्हटलं होतं, कारण त्याच संकुलाच्या पाटीवरून महिनाभर डोकी फुटत होती. एक गट म्हणे कन्नड वर हवं, दुसरा म्हणे मराठी वर हवं. अखेर शहाण्या माणसांनी मध्यस्थी केली आणि पाटी इंग्रजीत लिहिली. आता शांती झाली म्हटल्यावर पांढरी कबुतरं लागणारच. पाहुणे थेट बेंगळुरूहून आले होते.

स्टेजच्या मागं क्रेट होते. बायाक्का जवळ गेली आणि तिला आधी वास आला. वडगावात जन्म काढलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. सूत पांढरं करायची ती पावडर, जिनं हाताची साल जाते. युवराजकडं मूळची पांढरी कबुतरं चारच होती, आणि तीही रंगवलेली. सगळ्यांनाच त्यानं त्या पाण्यात बुडवून काढलं होतं. भगवं गेलं, लाल-पिवळं गेलं, आणि मूळचा करडाही गेला. डोळे सुजून बंद झालेले. क्रेटात एकोणीस जिवंत होती. बाकीची बाजूला एका गोणपाटाखाली होती. तिनं ते उचललं आणि परत झाकलं. तिनं क्रेटाला हात घातला तेवढ्यात युवराजच्या माणसांनी तिला बाजूला केलं, क्रेट वर नेला, आणि निवेदकानं शांतीच्या दूतांचं नाव पुकारलं.

पाहुण्यांनी कबुतर हातात घेतलं, कॅमेऱ्यांकडं हसून बघितलं आणि ते झोकात वर भिरकावलं. ते हातभर वर गेलं आणि धोंड्यासारखं खाली आलं, पाहुण्यांच्या लाल फेट्यावर. फेट्यावरून खांद्यावर आणि खांद्यावरून स्टेजवर. पाहुण्यांना वाटलं आपलं चुकलं. त्यांनी दुसरं घेतलं, जास्त जोरात टाकलं. ते पहिल्या रांगेतल्या एका सोफ्यावर आदळलं. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, मग सगळा मंडप हसला. शेकडो मोबाईल वर झाले. निपाणीत कन्नडवाले आणि मराठीवाले एकाच गोष्टीला एकाच वेळी हसल्याचं ते दुर्मिळ उदाहरण होतं. बंधुतेचा कार्यक्रम तेवढ्यापुरता यशस्वी झाला म्हणायचा.

बायाक्का पायऱ्या चढून वर गेली. पोलिसानं अडवलं तर तिनं कागद पुढं केला आणि म्हणाली, मी पंच हाय. प्लास्टिक चढवलेला, शिक्का असलेला कागद बघून पोलीस सवयीनं बाजूला झाला. तिनं खाली पडलेलं कबुतर उचलून पदरात घेतलं आणि माईकसमोर उभी राहिली. पाहुणे बेंगळुरूचे, म्हणून तिनं आधी कन्नडमध्ये सांगितलं. लोक निपाणीचे, म्हणून तेच परत मराठीत सांगितलं.

"साहेब, ह्याची चूक न्हाय. ह्याचे पंख कातरल्यात. माणसाचे हात बांधून त्याला टाळ्या वाजीव म्हटल्यावर तो कशा वाजवंल? मी महिनाभर हेच सांगत फिरालोय, पर ऐकून घेणारा आज पहिल्यांदा भेटला, तेबी त्याच्या फेट्यावर पडल्यावर."

पाहुण्यांचा चेहरा आधी फेट्याच्या रंगाचा आणि मग कबुतराच्या रंगाचा झाला. त्यांनी आजूबाजूला बघून विचारलं, याला जबाबदार कोण? हा प्रश्न एवढ्या काळात कुणी एकदाही विचारला नव्हता.

त्यानंतर कायद्याला जो वेग आला तो बघण्यासारखा होता. सव्वीस कबुतरांवर झालेला अत्याचार महिनाभर कुठल्याच कलमात बसत नव्हता, आणि एका फेट्यावर झालेला अत्याचार पाच कलमांत बसला. लाळ-खुरकुताचा डॉक्टर संध्याकाळच्या आत निपाणीत हजर झाला, आणि जखम नाही म्हणणाऱ्या त्याच माणसानं चार पानं भरून जखमा लिहिल्या. मात्र बायाक्कानं आणलेली टॉनिकची बाटली त्यानं गुपचूप खिशात टाकली. युवराजला गाडीत बसवलं तेव्हा तो तिच्याकडं बघून म्हणाला, मावशी, तुम्ही आधी मला सांगायचं होतंसा. तिचं लक्ष क्रेटांकडं होतं. जप्तीचा पंचनामा चालू होता आणि एकोणीस कबुतरं पुन्हा मुद्देमाल होत होती.

कबुतरं पुन्हा ठाण्यात आलेली बघून शामूनं डोक्याला हात लावला. त्यानं एका गोशाळेला फोन केला. गोशाळा म्हणाली, आमच्याकडं फक्त गाई. त्यानं विचारलं, मग बाकीच्या मुक्या प्राण्यांनी कुठं जायचं? तिकडून फोन ठेवला गेला. शेवटी कोर्टानंच मार्ग काढला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत पक्षी, त्यांची निगा राखण्याची माहिती असलेल्या "स्थानिक प्रतिष्ठित नागरिका"च्या ताब्यात द्यावेत. बायाक्कानं ताबेपावतीवर सही केली. तिनं आणि परशरामनं दोन रिक्षांतून कबुतरं वडगावला आणली.

पहिल्या आठवड्यात आणखी दोन गेली. उरलेल्या सतरांचे डोळे ती कोमट पाण्यानं पुसायची, सकाळ-संध्याकाळ. माग बंद राहायचा, साडी वेळेत द्यायची नाही म्हणून शेठ बडबडायचा. पिसं कातरलेली, ती आपोआप गळून नवी यायला भाद्रपद उजाडणार होता. परशराम जाणकार, तो म्हणाला, उपटली की दीड महिन्यात नवी येत्यात. बायाक्का म्हणाली, "पंचासमोर असलं बोलू नको." तो हसला, तीही हसली. धाडीनंतर त्या घरात दोघं एकदम हसल्याची ती पहिलीच वेळ.

मध्यंतरी तिनं धरलेल्या वकिलानं तिला समजावून सांगितलं. कबुतरं कायद्यानं अजून युवराजचीच, कारण त्यानं ती लिलावात घेतलीत. जप्ती फक्त तात्पुरती. निकाल लागला आणि तो दंड भरून सुटला तर ती परत मागूही शकतो. बायाक्कानं विचारलं, निकाल कधी लागंल? वकील ओशाळून म्हणाला, आक्का, आपल्याकडं असल्या केशीला आठ-दहा वर्षं सहज जात्यात, वाईट वाटून घेऊ नका. तिनं विचारलं, अजून लांबवता येईल का?

वकिलानं एवढ्या वर्षांत असला पक्षकार बघितला नव्हता. आता दर तारखेला ती कोर्टात जाते. मुद्देमालाचा नमुना म्हणून एक कबुतर टोपलीत नेते. दर वेळी तेच, जे फेट्यावर पडलं होतं. ते आता उडत नाही आणि उडणारही नाही, पण प्रवासाला कुरकुर करत नाही. कधी साहेब रजेवर असतात, कधी युवराजचा वकील येत नाही, कधी शामूची साक्ष राहून जाते. बाकावरचे लोक कपाळाला हात लावून उठतात. बायाक्का मात्र पुढची तारीख ऐकली की शिरस्तेदाराला हात जोडते. एकदा त्यानं सहानुभूतीनं म्हटलं, लई लांबची तारीख पडली, आक्का. ती म्हणाली, पडू दे, साहेबांस्नी म्हणावं काय घाई न्हाय.

युवराजचं बरं चाललंय. तो आता फुगे सोडतो. फुगे परत येत नाहीत आणि त्यांच्यासाठी हमीपत्र लागत नाही.

दसऱ्याच्या सकाळी बायाक्कानं ढाबळीचं दार पहिल्यांदा उघडलं. नवी पिसं भरून आली होती, करडी, तपकिरी, ज्याची त्याची. बराच वेळ कुणी हललं नाही. दार उघडं म्हणजे काहीतरी होणार, हे ती शिकली होती. परशराम शीळ घालायला लागला तर तिनं त्याला गप्प केलं. मग एक मादी कठड्यावर आली, बसली, आणि गेली. तिच्यामागं आणखी काही. टोपलीतलं एक सोडून उरलेल्या सोळापैकी अकरा उडाली. पाच दारातच बसून राहिली, आणि बायाक्का त्यांच्याजवळ, ज्वारीची मूठ उघडी ठेवून.